स्कापा फ्लोच्या जर्मन युद्धनौका: गरम पाण्यात शिकलेल्यांनी तयारी कशी करायची?

खाडीपल्याड (ऐरोली)

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं आहोत, ऐरोली, कोपरखैरणे आणि घोडबंदर रोड. प्रत्येकाच्या 60 ते 80 डाइव्ह झाल्यात, पण सगळ्या तारकर्ली, नेत्राणी आणि अंदमानात. म्हणजे 27-29 अंशांचं पाणी, पातळ सूट आणि ॲल्युमिनियमचा सिलिंडर. ॲडव्हान्स्ड आणि नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा) हे कोर्स तिघांचे झालेत, डीपचा एकाचाच. ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरणारा सूट, कुणीही घातलेला नाही. पुढच्या सप्टेंबरात स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनीत, स्कापा फ्लोला आठवडाभर बोटीवर राहून डाइव्हिंग करायचा विचार पक्का होत आलाय.

नेमकं विचारायचंय ते असं. तिथे बुडालेल्या सात जर्मन युद्धनौकांपैकी कुठल्या आमच्या आवाक्यातल्या आणि कुठल्या क्रमाने करावीत? गॅस कुठला घ्यावा? ड्रायसूटचा सराव इथे ठाणे-नवी मुंबईत करता येतो का, की सगळं तिकडे जाऊनच? आपल्याकडचा रेग्युलेटर तिथे चालेल का? आणि जहाजाच्या आत जाता येतं का? हातात वर्ष आहे, त्यामुळे कामाला लावणारी उत्तरं हवीत.

दीपमाळ (ठाणे पूर्व)

आधी जहाजं समजून घ्या. गॅस, वजन, वेळ हे सगळं त्यावरून ठरतं.

पहिलं महायुद्ध थांबल्यावर नोव्हेंबर 1918 पासून जर्मन आरमाराची 74 जहाजं स्कापा फ्लोत नजरकैदेत होती. 21 जून 1919 ला रिअर ॲडमिरल लुडविग फॉन रॉयटर यांच्या हुकमावरून खलाशांनी तळाच्या झडपा उघडल्या आणि स्वतःचीच जहाजं बुडवली. 52 जहाजं तळाला गेली. त्यातली बहुतेक पुढे भंगारासाठी वर काढली. 1924 पासून अर्नेस्ट कॉक्स नावाच्या भंगार व्यावसायिकाने या कामाचा धडाका लावला होता. आज मुख्य अशी सात उरली आहेत. क्योनिग, मार्कग्राफ आणि क्रोनप्रिन्झ विल्हेल्म या तीन बॅटलशिप, आणि क्योल्न, ड्रेस्डेन, कार्ल्सरूह, ब्रुमर या चार हलक्या क्रूझर.

तुमच्यासाठी पहिले चार दिवस क्रूझरच. पहिली डाइव्ह मात्र त्यांच्यावरही नको. एफ-2 ही छोटी जर्मन एस्कॉर्ट नौका 16-18 मीटरवर आहे. वजन, सूट, हातमोजे यांची परीक्षा तिथे घ्या. मग कार्ल्सरूह, तळ 25-27 मीटर. चौघींत ती सगळ्यात उथळ आणि सगळ्यात मोडलेली, पण नांगराचे कॅपस्टन अजून जागच्या जागी आहेत. त्यानंतर ड्रेस्डेन आणि क्योल्न. ब्रुमर नंतर.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा. या क्रूझर कुशीवर पडल्या आहेत. डेक पायाखाली नसतो, उभ्या भिंतीसारखा समोर असतो आणि तोफा त्या भिंतीतून आडव्या बाहेर आलेल्या दिसतात. नकाशा पाठ करून आलेला माणूसही पहिल्या पाच मिनिटांत गोंधळतो तो इथे. त्यावर सोपा उपाय आहे. क्योल्न, ब्रुमर, कार्ल्सरूह या उजव्या कुशीवर आहेत. डेकच्या बाजूने पोहताना डेक तुमच्या डाव्या हाताला असेल तर तुम्ही नाळेकडे (पुढच्या टोकाकडे) निघालात, उजव्या हाताला असेल तर वरामाकडे (मागच्या टोकाकडे). ड्रेस्डेन डाव्या कुशीवर आहे, तिथे हे बरोबर उलटं. उतरण्याआधी स्लेटवर एक बाण काढून ठेवा.

बॅटलशिप उलट्या पडल्या आहेत. तोफांचे बुरूज आणि वरचा सगळा डोलारा जड, त्यामुळे बुडताना त्या पालथ्या झाल्या. वरून दिसतो तो फक्त तळाचा प्रचंड पत्रा. बघण्यासारखं सगळं कडेखाली, 35 मीटरच्या पुढे. मार्कग्राफचा तळ 45 मीटरच्या आसपास. या खेपेला ती सोडा. आठवडाभर सगळं सुरळीत गेलं तर शेवटच्या दिवशी क्रोनप्रिन्झ विल्हेल्मचा वरचा भाग करा, आणि कडेखाली जाऊ नका.

आता गॅस. सवयीने 32 टक्के ऑक्सिजनचा नायट्रॉक्स भरून घ्याल, तर चूक तिथेच होते. ऑक्सिजनचा दाब 1.4 बारपुढे जाऊ द्यायचा नाही, त्या हिशेबाने 32 टक्क्यांची मर्यादा 33 मीटर. क्योल्नचा वरचा कठडा 20-22 मीटरवर आहे आणि तळ 36 वर. डेकच्या भिंतीलगत तोफा बघत बघत माणूस नकळत खाली सरकतो आणि तळाशी पोचतो तेव्हा ऑक्सिजनचा दाब 4.6 (36 मीटरवरचा एकूण दाब) गुणिले 0.32, म्हणजे 1.47 झालेला असतो. तिथे 28 टक्के घ्या. 36 मीटरवर 1.29 येतो, श्वास जोरात झाला तरी जागा राहते. कार्ल्सरूहला 32 टक्के बिनधास्त.

आणि क्रूझर तळापासून वर नका करू. वर येताना सक्तीचे थांबे लागू नयेत म्हणून 36 मीटरवर 28 टक्क्यांनी टेबल तुम्हाला जेमतेम 14 मिनिटं देतं. तोच गॅस 25 मीटरवर 35 मिनिटांच्या पुढे नेतो. कुशीवर पडलेल्या जहाजाची गंमत हीच आहे, 22 ते 27 मीटरच्या पट्ट्यात निम्मं जहाज दिसतं. पाच मिनिटं खाली डोकवा, बाकी वेळ वरच्या पट्ट्यात काढा.

गारवा_9 (वाशी)

ड्रायसूटचं मी सांगतो.

सप्टेंबरात तिथलं पाणी 13 अंशांच्या आसपास असतं, एप्रिल-मेमध्ये 7 ते 9. 7 मिलीचा सेमीड्राय घालून 13 अंशांत एक डाइव्ह निघेल. रोज दोन, सहा दिवस नाही निघणार. नीओप्रीन खोलीवर दबतो, 30 मीटरवर तो निम्म्याहून पातळ झालेला असतो, आणि ओला सूट वाऱ्यात डेकवर अंगावर ठेवून दीड-दोन तास बसायचं म्हणजे दुसऱ्या डाइव्हला तुम्ही आधीच गारठलेले. त्यामुळे ड्रायसूट, आणि तुमच्यासाठी पातळ ट्रायलॅमिनेट कापडाचा. इकडे वाळवायला आणि विमानात न्यायला तोच सोयीचा.

ऊब सूट देत नाही, आतला अंडरसूट देतो. अंगालगत मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक, त्यावर जाड अंडरसूट. सुती बनियन आणि सुती मोजे बंद. घाम आला की सुती कपडा पाणी धरून ठेवतो आणि मग तोच अंगातली ऊब खेचतो. दोन-दोन लोकरी मोजे कोंबू नका, बूट घट्ट झाला की पाय उलट लवकर गार पडतात. डोक्याला 7 मिलीचा हूड. खाली जाताना हूडची कड बोटाने किंचित उचलून दोन्ही कानांत पाणी एकदमच जाऊ द्या. एका कानात आधी गार पाणी गेलं की गरगरतं, आणि ते शॉटलाइनवर (खाली जहाजापर्यंत सोडलेल्या दोरावर) 10 मीटरला झालं तर डाइव्ह तिथेच संपते.

सराव इथे करता येतो, पण सोसायटीच्या साडेचार फुटी तलावात नाही. किमान 3-4 मीटर खोलीचा तलाव हवा, कारण खरी शिकायची गोष्ट म्हणजे पाय वर गेल्यावर सावरणं. सूटमधली हवा पायांकडे धावली की तुम्ही उलटे, बूट फुगलेले, आणि हवा सोडायची झडप दंडावर म्हणजे आता खालच्या टोकाला. गुडघे पोटाशी घ्यायचे, पुढे कोलांटी मारायची, डोकं वर आलं की डावा कोपर सगळ्यात उंच करायचा आणि झडप रिकामी होऊ द्यायची. दहा-बारा वेळा, न सांगता जोडीदाराने पाय उचलून दिले तरी जमलं पाहिजे. दंडावरची झडप पूर्ण उघडी ठेवूनच वर यायची सवय लावा. शेवटच्या 10 मीटरात सूटमधली हवा दुप्पट होते आणि बेसुमार वर फेकले जाण्याचे प्रकार तिथेच घडतात.

इथे सराव करताना उन्हाचं भान ठेवा. तलावाचं पाणी 28-30 अंश, बाहेर त्याहून जास्त. अंडरसूट घालूच नका, पातळ ट्रॅकपँट आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट पुरे. सूट चढवून काठावर गप्पा मारत बसायचं नाही. मान बंद झाली की पाण्यात. चक्कर किंवा मळमळ वाटली तर आधी झिप उघडा.

सूट घरी टिकवणं हा आपल्या हवेतला वेगळा धडा आहे. मनगट आणि मानेचे लॅटेक्स सील पावसाळ्यात चिकट होतात, मग फाटतात. प्रत्येक वापरानंतर गोड्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, बिनवासाची टाल्कम पावडर लावा. वासाची पावडर नको, त्यातलं तेल लॅटेक्स खातं. सूट फ्रिजच्या मागे किंवा इन्व्हर्टरशेजारी ठेवू नका, मोटरजवळचा ओझोन सील तडकवतो. पितळी झिपच्या दातांना बाहेरून मेण लावा आणि झिप उघडी ठेवून सूट सैल गुंडाळा, घडीची चुणी झिपवर पडता कामा नये. नवा मानेचा सील गळा आवळत असेल तर कात्रीआधी रात्रभर योग्य मापाच्या गोल डब्यावर ताणून ठेवा. तरी आवळला तर एका वेळी एकच वर्तुळ कापा. जास्त कापलेला सील परत जोडता येत नाही.

सूटमध्ये पाणी शिरतं त्याचं नेहमीचं कारण फाटणं नसतंच. झिपचा शेवटचा सेंटीमीटर बंद झालेला नसतो. जोडीदाराने बोट फिरवून बघायचं, रोज, प्रत्येक वेळी.

खाडीपल्याड (ऐरोली)

दीपमाळ, गारवा दादा, मनापासून आभार. डेक डाव्या हाताला हे लगेच लिहून ठेवलं. आता दोन शंका. आमचे तिघांचेही रेग्युलेटर साध्या ए-क्लॅम्पचे (सिलिंडरच्या झडपेवर शिकंज्याने कसायचे) आहेत, तीन वर्षं जुने. आणि तिथे सगळे डबल सिलिंडर लावतात असं वाचलं. 15 लिटरच्या सिंगलवर भागणार नाही का?

झडपवाला (कळवा)

रेग्युलेटर हातात घ्या आणि फर्स्ट स्टेजवरचे (सिलिंडरला जोडतो तो भाग; तोंडात धरतो तो सेकंड स्टेज) कोरलेले आकडे वाचा. युरोपच्या ईएन 250 या मानकाखाली ज्या रेग्युलेटरची थंड पाण्यातली चाचणी झालेली नसते, त्यावर 10 अंशांहून जास्त असं चिन्ह असतं. ते दिसलं तर तो रेग्युलेटर तारकर्लीसाठी ठेवा, ऑर्कनीसाठी नाही. मानकाचा उल्लेखच नसेल तरीही तेच.

कारण समजून घेतलंत तर बाकीचे नियम पाठ करावे लागणार नाहीत. सिलिंडरमधली 200 बारची हवा फर्स्ट स्टेजमध्ये एका झटक्यात 10 बारच्या आसपास येते. हवा पसरली की गार होते, इतकी की धातू शून्याखाली जातो. आपल्याकडच्या 28 अंशांच्या पाण्यात भोवतालचं पाणी तो धातू लगेच परत तापवतं. 7-8 अंशांत ते जमत नाही. स्प्रिंगभोवतीच्या पाण्याचा बर्फ होतो, झडप उघडी अडकते, आणि सेकंड स्टेजमधून हवा सलग वाहू लागते. त्यालाच फ्री-फ्लो म्हणतात. एकाच वेळी हवा जितकी जास्त ओढाल तितकं गोठणं जवळ येतं.

म्हणून डायफ्रॅमचा, सील केलेला फर्स्ट स्टेज घ्या. त्यात पाणी स्प्रिंगपर्यंत पोचतच नाही. डिन जोडणी (झडपेत आट्यांनी बसणारी) घ्या. तिथले सिलिंडर 232 बारचे पोलादी असतात, आणि इथे आल्यावर डिनला ए-क्लॅम्पचा अडॅप्टर लावून आपले सिलिंडरही चालतात. जाण्याआधी सर्व्हिसिंग करताना थंड पाण्यात वापरणार असं स्पष्ट सांगा. मधला दाब उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत खालच्या बाजूला ठेवतात आणि सेकंड स्टेज थोडा कडक लावतात.

बोटीवरच्या सवयी: डेकच्या वाऱ्यात रेग्युलेटर चाखून बघायचा नाही, आपल्या श्वासातली वाफ आत गोठते. पहिला श्वास तोंड पाण्याखाली गेल्यावर. पर्जचं (हवा जोरात सोडणारं) बटण दाबायचं नाही. सूटमध्ये आणि बीसीडीत (तरंगण्याच्या जॅकेटात) एकदम हवा भरायची नाही, आणि भरताना श्वास घ्यायचा नाही. टिचक्या मारल्यासारखं थोडं थोडं भरा. सूटचं इन्फ्लेटर दाबून धरलं तर तेही उघडं गोठू शकतं. मग सूट फुगत जातो. अशा वेळी आधी होज काढायची, झडप नंतर. जाड हातमोज्यातून त्या होजची कडी मागे ओढून काढणं ही वीस-पंचवीस वेळा करून बसवायची गोष्ट आहे.

फ्री-फ्लो झालाच तर ऑक्टोपस (राखीव सेकंड स्टेज) चांगला असून उपयोग नाही, कारण तो त्याच फर्स्ट स्टेजवर आहे. यासाठी दोन स्वतंत्र फर्स्ट स्टेज लागतात, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

दीपमाळ (ठाणे पूर्व)

झडपवाल्यांशी सहमत, पण डबल सिलिंडरबद्दल थोडं वेगळं मत मांडतो. हिशेब समोर ठेवतो, ठरवा तुम्ही.

डबल 12 लिटर, 230 बार म्हणजे 5520 लिटर. तीन भाग केले की जायला 1840, यायला 1840, राखीव 1840. शांत डायव्हरचा खप मिनिटाला 20 लिटर धरा, 36 मीटरवर 4.6 पट, म्हणजे 92. एका भागात बरोबर 20 मिनिटं. हिशेब देखणा आहे. पण पहिल्या थंड डाइव्हला खप 20 राहत नाही, 25 ते 28 होतो. शिवाय पोलादी डबल, बॅकप्लेट आणि गॅस मिळून पाठीवर 35 किलोच्या पुढे वजन येतं. आणि मॅनिफोल्डचा (दोन सिलिंडर जोडणाऱ्या झडपांच्या नळीचा) फायदा तेव्हाच, जेव्हा जाड अंडरसूट आणि हातमोज्यांत मानेमागे हात नेऊन झडप फिरवता येते. खांदा तिथपर्यंत पोचत नसेल तर ते फक्त जास्तीचं वजन झालं.

15 लिटर सिंगल म्हणजे 3450 लिटर. त्यातून आणीबाणीचा गॅस काढा. दोन घाबरलेले डायव्हर, प्रत्येकी मिनिटाला 30. 36 मीटरवर 2 मिनिटं प्रश्न सोडवायला, सुमारे 550 लिटर. वर यायला साडेतीन मिनिटं, सरासरी 3.1 बारने, सुमारे 650. 6 मीटरवर 3 मिनिटं, 290. बेरीज 1490, म्हणजे 15 लिटरच्या सिलिंडरमध्ये 100 बार. तुम्ही इथे 50 बारला वर येता. तिथे तळाजवळ असताना 100 बार म्हणजे लगेच परतायची खूण, त्याच्याखाली एकही बार वापरायचा नाही.

उरतात 1960 लिटर. 25 मीटरवर 28 मिनिटं पुरतात. त्यामुळे कार्ल्सरूहला आणि क्योल्नच्या वरच्या पट्ट्याला 15 लिटर आणि जोडीला 3 लिटरचा पोनी (छोटा राखीव सिलिंडर), स्वतःच्या फर्स्ट स्टेजसह, चालेल. पोनीतले 690 लिटर एका माणसाला 36 मीटरवरून 3 मिनिटांच्या थांब्यासकट वर आणतात, सुमारे 590 लागतात. डेको थांबे (नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वर येताना सक्तीचे थांबे) लागू झाले असतील तर मात्र आणत नाहीत. म्हणून पोनीवर जाणाऱ्याने डेकोत जायचंच नाही.

आणखी एक. फिलिंगला सिलिंडर तापतो. 30 अंशांना 230 दाखवणारा काटा 8 अंशांच्या पाण्यात 213 वर येतो. गॅस गळलेला नसतो, पण हिशेब पाण्यातल्या आकड्यावर करायचा.

झडपवाला (कळवा)

हिशेब मान्य. एक दुरुस्ती करायची तर इतकीच, की पोनी लावून क्योल्नवर जाणाऱ्याने 30 मीटरची रेघ स्वतःच आखून घ्यावी. आकडे 36 ला जेमतेम बसतात आणि जेमतेम बसणारा आकडा गार हातांनी मोडतो. हातात वर्ष आहे, तर डबलवर इथेच 10-12 डाइव्ह करा. आमच्या दोघांत वाद एवढाच आहे की पहिल्या खेपेला की दुसऱ्या.

वजन: इथे 3 मिली सूट आणि ॲल्युमिनियमवर 4-5 किलो लावत असाल तर ड्रायसूट आणि जाड अंडरसूटला 10 ते 14 लागू शकतं. पण ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा झाला की वर ओढतो, पोलादी ओढत नाही, त्यामुळे इथला आकडा तिथे जसाच्या तसा लावू नका. एफ-2 वर शेवटी 50 बार असताना 5 मीटरला स्थिर राहता येतं का ते बघा. सूट अंगाला पिळवटलेला असेल आणि तरच खाली टिकत असाल, तर शिसं कमी पडतंय.

गारवा_9 (वाशी)

हातांचं राहिलं. थंड पाण्यात आधी जातात ती बोटं. मेंदूला ते उशिरा कळतं.

घरी करण्यासारखा सराव: बादलीत 15 लिटर पाणी घ्या, चेंदणी कोळीवाडा किंवा दिवाळ्याच्या मासळी बाजारातून बर्फ आणा, स्वयंपाकातला थर्मामीटर सोडा आणि पाणी 8 अंशांवर धरा. 5 मिलीचे हातमोजे घालून दोन्ही हात 20 मिनिटं आत. मग हात बाहेर न काढता पाण्याखालीच बोल्ट-स्नॅप (सामान अडकवायचे हूक) काढा आणि लावा, स्पूलचा (दोराच्या रिळाचा) दोर सोडवा, एसएमबीची (पृष्ठभागावर सोडायच्या खुणेच्या फुग्याची) घडी उलगडा, मास्कचा पट्टा सरळ करा. पहिल्यांदा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना सापडतच नाहीत. त्यावरून कळतं की छोटे बोल्ट-स्नॅप बदलून मोठे, 100 मिलीमीटरच्या आसपासचे घ्यायला हवेत, स्पूलला मोठा लूप हवा, आणि एसएमबी खिशात कुठल्या बाजूने ठेवायचा.

गरम होणारे जॅकेट घेणार असाल तर एक धोका ध्यानात ठेवा. तळाशी अंग गरम असलं की नायट्रोजन जास्त शोषला जातो, वर येताना गार झालं की बाहेर पडायला उशीर लागतो. बॅटरी नेमकी थांब्यावर संपली तर हे दोन्ही एकत्र येतं. म्हणून खाली बंद किंवा मंद, थांब्यावर चालू. लिथियम बॅटरी विमानात हातातल्या सामानात न्याव्या लागतात, 100 वॉट-अवरपर्यंत परवानगीशिवाय.

आणि पाणी प्या. थंडीत लघवी जास्त होते, तहान लागत नाही, आणि सूट उतरवायचा कंटाळा म्हणून लोक पाणी टाळतात. कोरडं शरीर आणि डेको ही जोडी वाईट.

खलाशीवाडी (बेलापूर)

आत जाण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. या खेपेला नाही. जहाज कुशीवर आहे, म्हणजे दरवाजे जमिनीत आणि छतात, जिने आडवे. शंभर वर्षांचा गाळ बसलाय, वरून केबली लोंबतायत, पत्रे कागदासारखे पातळ होऊन धार आली आहे. ड्रायसूटला तेवढीच धार पुरते. भंगारवाल्यांनी इंजिनरूमकडे पोचायला स्फोट करून भोकं पाडली, ती बाहेरून ऐसपैस दिसतात आणि आत शिरल्यावर निमुळती होतात. त्या प्रवेशाचं वेगळं शिक्षण असतं, रीळ आणि तीन दिव्यांसकट. क्योल्नच्या मोडलेल्या भागात बाहेरूनच टॉर्च मारून बघा, खूप दिसतं.

कायद्याचंही समजून घ्या. ही सात जहाजं 2001 पासून कायद्याने संरक्षित आहेत. बघा, फोटो काढा, काहीही उचलू नका, सुटा पडलेला स्क्रूसुद्धा नाही. ब्रिटनमध्ये बुडालेल्या जहाजावरून काहीही वर आणलं तर 28 दिवसांत रिसीव्हर ऑफ रेक या अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे, आणि संरक्षित जहाजावरून उचलणं हा गुन्हाच.

त्याच पाण्यात एचएमएस रॉयल ओक आहे. 14 ऑक्टोबर 1939 ला यू-47 पाणबुडीने ती बुडवली, 835 माणसं गेली. एचएमएस व्हॅनगार्ड 9 जुलै 1917 ला स्फोटाने फुटली, 843 गेले. या युद्धसमाधी आहेत, तिथे डाइव्ह करायला बंदी आहे. कुठल्याही बोटवाल्याकडे तो विषय काढू नका. आपली आयएनएस खुकरी 9 डिसेंबर 1971 ला दीवजवळ बुडाली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 194 जण गेले. ती जागा आपल्यासाठी जी आहे, तीच ऑर्कनीच्या माणसासाठी रॉयल ओक. जर्मन जहाजं रिकामी करून बुडवली म्हणून त्यांवर जायला मुभा आहे, तरी त्या दिवशीही नऊ जर्मन मारले गेले होते.

खाडीपल्याड (ऐरोली)

आत जाणं रद्द. रॉयल ओकचं लक्षात ठेवू. शेवटचं: इथला सराव झाला की थेट बोटीवर जावं का? मध्ये एखादी पायरी हवी का?

दीपमाळ (ठाणे पूर्व)

हवी. ठाण्याच्या खाडीत किंवा उरणकडे सरावाचा विचार करू नका, गाळामुळे हातभरही दिसत नाही आणि भरती-ओहोटीची ओढ आहे. इथला तलाव, मग ऑक्टोबर ते मे या मोसमात नेत्राणीला डबल किंवा पोनीसह डाइव्ह. ड्रायसूट तिथे नको, उकडून निघाल. नंतर इंग्लंडला बोटीच्या चार दिवस आधी पोचा आणि लेस्टरशायरमधल्या स्टोनी कोव्हसारख्या खाणीच्या तलावात रोज दोन डाइव्ह करा. तिथे 6-7, 20-22 आणि 35 मीटरच्या आसपास अशा पायऱ्या आहेत, प्रवाह नाही, लाट नाही. पहिले दोन दिवस पहिल्याच पायरीवर. सिलिंडर आणि शिसं तिथेच भाड्याने मिळतं, इथून फक्त सूट, रेग्युलेटर, कॉम्प्युटर, मास्क, स्पूल न्या.

तिथून स्कॉटलंडच्या उत्तर टोकाचं स्क्रॅब्स्टर बंदर, आणि स्क्रॅब्स्टरहून फेरीने ऑर्कनीतलं स्ट्रॉमनेस, साधारण दीड तास. परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान 24 तासांनी धरा.

आणि बरा साउंड या सामुद्रधुनीतली ब्लॉकशिप (वाट अडवायला मुद्दाम बुडवलेली जहाजं), टबारका, गोबेर्नादोर बोरिएस, डॉयल. बोटवाला ती नक्की सुचवेल. खोली फक्त 12-18 मीटर, व्हिजिबिलिटी सगळ्यात चांगली. पण तिथे प्रवाह भयंकर आहे, फक्त भरती-ओहोटीच्या मधल्या शांत वेळेत उतरतात. त्यामुळे कॅप्टन हात खाली करेल त्याच क्षणी उडी मारता आली पाहिजे, फिन घालून, मास्क लावून, झिप तपासून तयार. तीन मिनिटं उशीर करणाऱ्याची ती डाइव्ह गेली.

गारवा_9 (वाशी)

यात भर: मोकळ्या स्कापा फ्लोमध्ये घाई नसते, तिथे उलट करा. अंडरसूट आधी, पण सूटची मान आणि हूड शेवटी, बोट जहाजावर पोचल्यावर. केबिनमध्ये पूर्ण बंद होऊन बसलात तर घामाने अंडरसूट ओला होतो आणि कार्ल्सरूहच्या विसाव्या मिनिटाला कुडकुडायला लागता. कुडकुडणं सुरू झालं की तोच वर यायचा इशारा समजा, गेजवर 140 बार असले तरी.